शत्रूच्या जहाजातून जग पाहणारा लेखक

समुद्रात एक अक्राळविक्राळ प्राणी संचार करीत आहे, तो जहाजांना भगदाडे पाडतो आणि क्षणार्धात दिसेनासा होतो, अशी वदंता जगभर पसरलेली असते. त्याचा नायनाट करण्यासाठी अमेरिकेच्या आरमाराची ‘अब्राहम लिंकन’ ही युद्धनौका निघते. तिच्यावर एक फ्रेंच प्राध्यापक, त्याचा इमानी नोकर आणि देवमाशांच्या शिकारीत मुरलेला एक कॅनेडियन दर्यावर्दी असे तिघेजण असतात. इथवर वाचकाचे मन अर्थातच शिकाऱ्यांच्या बाजूने असते. मग एका रात्री हे तिघे समुद्रात फेकले जातात आणि ज्या श्वापदाची शिकार करायची, नेमके त्याच्याच पाठीवर येऊन टेकतात. ती पाठ पोलादाची असते. पुढची सारी कादंबरी वाचक त्या पोलादी पोटात बसून वाचतो. बाहेरच्या जगाला जो राक्षस वाटतो, त्याच्या घरात तो जेवतो, त्याचे ग्रंथालय पाहतो, त्याचे वाद्यवादन ऐकतो. त्या राक्षसाचे दुःख कळेपर्यंत वाचकाची बाजू नकळत बदललेली असते.

१८६९-७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीची ही रचना. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाला आपण विज्ञानकथेचा जनक म्हणून ओळखतो. पाणबुडी, चंद्रप्रवास, उडती यंत्रे यांची चित्रे त्याने आधीच रेखाटून ठेवली, याचे कौतुक शाळकरी वयापासून आपण ऐकत आलो आहोत. परंतु यंत्रांच्या या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. व्हर्नच्या अनेक कथांच्या केंद्रस्थानी युद्धयंत्र आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळत राहिला. विशेष म्हणजे या प्रश्नाची दोन उत्तरे त्याने १८५७ च्या हिंदुस्थानात शोधली. त्यातले एक उत्तर थेट पेशव्यांच्या घराण्यापर्यंत येऊन पोहोचते.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नाँत या शहरात झाला. लुआर नदीच्या पात्रातील फेदो नावाच्या बेटावर त्याचे आजोळ होते. वडील पिएर व्हर्न हे वकिली पेशातील, शिस्तप्रिय आणि धर्मनिष्ठ गृहस्थ. आई सोफी ही जहाजमालक व दर्यावर्दी यांच्या कुळातली. नाँत हे अठराव्या शतकात फ्रान्समधील गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते आणि फेदो बेटावरील देखण्या हवेल्या त्याच व्यापाराच्या पैशातून उभ्या राहिल्या होत्या. ज्यूलच्या लहानपणी तो व्यापार मावळला होता, पण जहाजांच्या शिडांची आणि मसाल्यांच्या वासाची ओढ त्या धक्क्यावर शिल्लक होती. अकरा वर्षांचा असताना तो नात्यातल्या बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणायला गुपचूप जहाजावर चढला आणि वडिलांनी त्याला पुढच्या बंदरात उतरवून घेतले, अशी एक कथा सांगितली जाते. ती १९२८ मध्ये त्याच्या एका नातलग लेखिकेने चरित्रात लिहिली आणि पुढच्या अभ्यासकांनी ती शंकास्पद ठरवली. धाकटा भाऊ पॉल मात्र खरोखरच नौदलात गेला. थोरल्याच्या वाट्याला वडिलांची वकिली यायची होती.

त्यासाठीच १८४८ च्या सुमारास ज्यूल पॅरिसला कायद्याच्या अभ्यासाकरिता आला. त्या वर्षी पॅरिसमध्ये राज्यक्रांती झाली होती. राजा पळाला होता, प्रजासत्ताक जाहीर झाले होते आणि उन्हाळ्यात कामगारांचे बंड रस्त्यांवर चिरडले गेले होते. तोफांच्या गोळ्यांनी विदीर्ण झालेल्या भिंती या तरुणाने डोळ्यांनी पाहिल्या. कायद्याची परीक्षा त्याने दिली, परंतु त्याचे मन रमले नाटकात. थोरल्या अलेक्सांद्र द्युमाच्या नाट्यगृहात १८५० मध्ये त्याची एक छोटी सुखात्मिका रंगमंचावर आली. पुढे तो एका संगीत नाट्यगृहाचा चिटणीस झाला. वडिलांनी वकिली सांभाळण्यासाठी बोलावले, तेव्हा त्याने नम्रपणे पण ठाम नकार दिला.

नकार देणे सोपे होते. पोट भरणे कठीण होते. १० जानेवारी १८५७ रोजी त्याने ओनोरिन या दोन मुली असलेल्या तरुण विधवेशी विवाह केला आणि संसारासाठी पॅरिसच्या शेअर बाजारात दलालीचा व्यवसाय पत्करला. पहाटे उठून लिहायचे आणि दिवसा बाजारात उभे राहायचे, असा त्याचा काही वर्षांचा क्रम होता. त्याच्या विवाहाच्या त्याच वर्षी मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावे युरोपच्या वृत्तपत्रांतून रोज झळकू लागली. त्या बातम्यांनी शेअर दलालाच्या मनात काय पेरले, हे त्या वेळी कोणाला कळणे शक्य नव्हते. उगवण सतरा-अठरा वर्षांनी झाली.

१८६२ मध्ये त्याची गाठ पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाशी पडली. एत्झेल हा साधा पुस्तकविक्या नव्हता. १८४८ च्या प्रजासत्ताक सरकारात त्याने जबाबदारीचे पद सांभाळले होते, १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर परदेशात विजनवास भोगला होता आणि व्हिक्टर ह्यूगोसारख्या लेखकाची पुस्तके प्रसिद्ध केली होती. त्याने व्हर्नची ‘फुग्यातून पाच आठवडे’ ही आफ्रिकाप्रवासाची कादंबरी स्वीकारली. ३१ जानेवारी १८६३ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि लेखकाचे नशीब पालटले. योगायोग असा, की त्याच महिन्यात पोलंडमध्ये रशियन झारच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला होता. पुढल्या वर्षी तो निर्दयपणे मोडून काढला गेला. हजारो पोलिश माणसे सैबेरियात हद्दपार झाली.

एत्झेलने १८६४ मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी आणि मनोरंजनासाठी एक पाक्षिक सुरू केले. व्हर्नच्या कादंबऱ्या बहुधा आधी त्यात क्रमशः येत आणि मग पुस्तकरूपाने निघत. दरवर्षी दोन-तीन खंड देण्याचा करार झाला आणि शेअर बाजार कायमचा सुटला. ‘अद्भुत प्रवास’ या मालेत व्हर्नच्या हयातीत ५४ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. परंतु या सुबत्तेची एक किंमत होती. वाचक मुले होती, पुस्तके विकत घेणारे त्यांचे सनातनी आईबाप होते आणि हस्तलिखितावर एत्झेलची लाल पेन्सिल होती. विसाव्या शतकातील पॅरिसचे उदास चित्र रंगवणारी व्हर्नची एक सुरुवातीची कादंबरी एत्झेलने साफ नाकारली; ती प्रसिद्ध व्हायला १९९४ साल उजाडले.

युद्धयंत्राचा विषय मालेच्या आरंभीच दिसतो. १८६५ च्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीत अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बाल्टिमोरचे तोफबाज बेकार झाले आहेत. कुणाचा हात गेला आहे, कुणाचा पाय लाकडी आहे, तरीही शांतता पसरल्याचे दुःख त्यांना आवरत नाही. नवे युद्ध मिळत नाही म्हणून ते चंद्रावर गोळा डागायचे ठरवतात. पोरांना हसवणाऱ्या या कथेत, मारण्याच्या कलेत प्रवीण झालेल्या माणसाला शांततेत काय करावे हे सुचत नाही, हे बोचरे सत्य व्हर्नने पेरून ठेवले होते.

त्यानंतर समुद्राचा विषय त्याच्या मनात घोळू लागला. जॉर्ज सँड या प्रख्यात लेखिकेने त्याला पत्र लिहून, आता आम्हाला सागराच्या तळाशी ने, अशा आशयाची इच्छा कळवली होती. सोम नदीच्या मुखाशी असलेल्या ल क्रोत्वा या मच्छीमार गावात व्हर्नने घर घेतले आणि ‘सेंट मिशेल’ नावाची एक होडी घेतली. १८६७ मध्ये भाऊ पॉलबरोबर तो ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या आगबोटीने अमेरिकेला जाऊन आला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच नौदलाच्या एका पाणबुडीची प्रतिकृती मांडलेली होती. या साऱ्यातून ‘नॉटिलस’ साकारली. सत्तर मीटर लांबीची, विजेवर चालणारी आणि टोकदार नाकाने शत्रूचे जहाज फोडणारी अशी ती युद्धनौका होती.

नौका तयार झाली, पण तिचा कप्तान कोण? व्हर्नच्या मनातला नेमो हा पोलिश सरदार होता. रशियनांनी त्याच्या कुटुंबाचा नाश केला आहे, म्हणून तो रशियन जहाजे बुडवतो, असे सरळ कारण त्याला हवे होते. एत्झेल घाबरला. रशियात व्हर्नची पुस्तके उत्तम खपत होती, तिथली सेन्सॉरशिप कडक होती आणि फ्रान्सच्या सरकारलाही झारला दुखवायचे नव्हते. त्याने सुचवले, की नेमोला गुलामांच्या व्यापाराचा वैरी करावे. त्या जहाजांचा पुळका कोणालाच येणार नाही. व्हर्नने ते मानले नाही. गुलामांचा व्यापार तेव्हा जवळपास संपलेला होता. ज्या अन्यायाबद्दल सर्वांचे एकमत झाले आहे, त्याविरुद्ध लढणाऱ्यासाठी नॉटिलसची गरजच काय, असा त्याचा मुद्दा होता. दोघांमध्ये पत्रांतून बराच वाद झाला. अखेर तडजोड निघाली. नेमोचा देश सांगायचाच नाही, तो ज्या जहाजाला बुडवतो त्याचेही निशाण दाखवायचे नाही.

ही तडजोड प्रकाशकाच्या भीतीपोटी झाली खरी, पण कादंबरीला तिने वेगळेच बळ दिले. लॅटिनमध्ये नेमो या शब्दाचा अर्थ कोणीही नाही असा होतो. देश पुसला गेल्यामुळे तो साऱ्या पराभूत देशांचा झाला. त्याच्या खोलीत पोलंडचा कोशिउश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, गुलामगिरीविरुद्ध फासावर गेलेला जॉन ब्राउन यांची चित्रे आहेत. तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रीट बेटाजवळ तो एका पाणबुड्याच्या हाती सोने सोपवतो. सिंहलद्वीपाजवळ शार्कच्या जबड्यातून एका गरीब मोती काढणाऱ्याला वाचवून तो त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. आपण अशाच दडपलेल्या देशाचे आहोत, असे नंतर तो प्राध्यापकाला सुचवतो. वाचकाला उत्तराची चाहूल इथे पहिल्यांदा लागते.

तरीही व्हर्नने आपल्या नायकाला निर्दोष ठरवलेले नाही, ही त्याची खरी थोरवी. कादंबरीच्या शेवटी नेमो एक युद्धनौका बुडवतो. पाणी आत शिरत असताना शिडांवर चढणारी, तडफडणारी माणसे प्राध्यापक काचेतून पाहतो आणि त्याला या यजमानाचा तिटकारा येतो. सूड पुरा झाल्यावर नेमो आपल्या खोलीत जातो. तिथे एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून तो हुंदके देतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो न्यायाच्या बाजूला आहे, आणि तरीही ज्या हातांनी तो बुडणाऱ्यांना पाहत राहिला ते हात निर्मळ नाहीत. या दोन्ही गोष्टी वाचकाला एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात इतके अवघड सत्य मांडण्याचे धाडस त्या काळी फारसे कोणी केले नव्हते.

कादंबरीचा शेवटचा भाग जून १८७० मध्ये छापून झाला आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाले. बेचाळीस वर्षांच्या व्हर्नला आपल्याच होडीसह सोमच्या मुखाशी किनारारक्षकाचे काम देण्यात आले. दिमतीला मोजके सैनिक आणि खेळण्यासारखी एक तोफ एवढीच सामग्री होती. नॉटिलसच्या निर्मात्याचे प्रत्यक्ष युद्धातले आरमार हे असे होते. फ्रान्सचा पराभव झाला, अल्सेस आणि लोरेनचा मोठा भाग जर्मनीने घेतला, पॅरिस कम्यूनचे बंड रक्तात बुडाले. १८७१ मध्ये व्हर्न पत्नीच्या माहेरगावी, आमियाँ येथे, कायमचा राहायला गेला.

आता हिंदुस्थान त्याच्या लेखनात दाखल होतो. तो इकडे कधीच आला नाही. प्रवासवर्णने, भूगोलाचे ग्रंथ आणि नियतकालिके वाचून काढलेली हजारो टिपणे हाच त्याचा आधार. १८७२ मध्ये गाजलेल्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीत फिलिअस फॉग मुंबईला उतरतो, त्याचा नोकर बूट घालून मलबार हिलवरील देवळात शिरल्याने मार खातो आणि खानदेशातून आगगाडीने पुढे गेल्यावर ते सती जाणाऱ्या एका तरुणीला वाचवतात. ती मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी आणि बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाची विधवा असते! पारशी मुलगी सतीच्या चितेपर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न आपल्याला पडतो. व्हर्नला तो पडला नाही. बुंदेलखंड हे नाव मात्र त्याच्या मनात रुतून बसले असावे.

कारण १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत कॅप्टन नेमोने मरणशय्येवर आपली ओळख सांगितली, ती बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर अशी. दहाव्या वर्षी त्याला वडिलांनी युरोपात शिकायला पाठवले, ते शत्रूची विद्या आत्मसात करून यावी म्हणून. शास्त्रे आणि कला यांत पारंगत होऊन तो १८४९ मध्ये परतला, संसारात पडला आणि १८५७ च्या उठावाचा प्राण बनला. उठाव चिरडला गेला, त्याच्या शिरावर इनाम लागले, आईबाप, पत्नी, मुले मारली गेली. मग मोजक्या सोबत्यांसह एका निर्जन बेटावर त्याने नॉटिलस बांधली. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या ठरवले आहे. म्हैसूर आणि बुंदेलखंड यांचे असे नाते इतिहासाला ठाऊक नाही आणि दोन कादंबऱ्यांतील सालांचाही मेळ बसत नाही. परंतु पोलंडसाठी घडवलेले दुःख त्याने हिंदुस्थानला दिले आणि ते तंतोतंत बसले, हे नाकारता येत नाही. रशियाला दुखवायचे नव्हते. इंग्रजांना दुखवायला फ्रेंच प्रकाशकाची फारशी हरकत नव्हती, असाही त्याचा एक व्यावहारिक अर्थ दिसतो.

एत्झेलची पेन्सिल मात्र याही वेळी थांबली नाही. हस्तलिखितात मरणाऱ्या नेमोच्या ओठांवर अखेरचा शब्द स्वातंत्र्य हा होता. छापील पुस्तकात त्याच्या जागी देव आणि देश आले. शिवाय बेटावरील अमेरिकी अभियंता सायरस स्मिथ त्याला सांगतो, की तू अपरिहार्य प्रगतीच्या विरोधात लढलास, हीच तुझी चूक. इंग्रजी अनुवादाने तर कहर केला. १८७५ मध्ये लंडनला निघालेल्या भाषांतरात राजपुत्राची हकिकत अशी फिरवली गेली, की तिच्यातला इंग्रजी राजवटीवरचा आरोप बोथट होऊन उलट तिचीच बाजू वर यावी. आपल्याकडे व्हर्न आला तो मुख्यतः इंग्रजीच्या दारातून. १८५७ च्या एका योद्ध्याची फ्रेंच लेखकाने सांगितलेली कैफियत आपल्यापर्यंत येताना वाटेतच बदलली गेली होती.

यानंतरचा व्हर्न अधिक कठोर आणि काहीसा निराश दिसतो. १८७९ च्या ‘बेगमेचे पन्नास कोटी’ या कादंबरीचा मूळ आराखडा कम्यूनमध्ये भाग घेतल्यामुळे परागंदा झालेल्या पास्काल ग्रुसे या लेखकाचा होता. एत्झेलने तो विकत घेऊन व्हर्नकडे सोपवला. हिंदुस्थानातील एका बेगमेची अफाट संपत्ती एक फ्रेंच डॉक्टर आणि एक जर्मन प्राध्यापक यांच्यात वाटली जाते. डॉक्टर आरोग्यनगरी वसवतो. प्राध्यापक शुल्झ पोलादनगरी उभारून महाकाय तोफ आणि विषारी वायूचे गोळे बनवतो. कथेतील सर्वांत परिणामकारक भाग पुन्हा शत्रूच्या गोटातला आहे. अल्सेसचा एक तरुण वेष पालटून पोलादनगरीत कामगार म्हणून शिरतो आणि कारखान्याची एकेक भिंत ओलांडत मध्यापर्यंत पोहोचतो. या वेळी मात्र आत गेल्यावर दुःख सापडत नाही, सापडतो तो निव्वळ वंशद्वेष. पहिले महायुद्ध आणि त्यातील विषारी वायू अजून पस्तीस वर्षे दूर होते.

आणि १८८० मध्ये आली ‘वाफेचे घर’. मराठी वाचकाने थबकून वाचावी अशी ही कादंबरी. तिची सुरुवात १८६७ च्या मार्च महिन्यात औरंगाबाद शहरात होते. उठावातील फरारी पुढारी धोंडोपंत, अर्थात नानासाहेब, मुंबई इलाख्यात आल्याचा सुगावा लागला असून त्याला पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम मिळेल, असा जाहीरनामा भिंतींवर लागला आहे. नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत आश्रय घेतो. दुसरीकडे काही इंग्रज अधिकारी आणि एक फ्रेंच प्रवासी पोलादी हत्तीच्या रूपातील वाफेच्या यंत्राला दोन फिरती घरे जोडून उत्तर हिंदुस्थानच्या सफरीला निघतात. त्यांच्यातील कर्नल मन्रोची पत्नी कानपूरच्या कत्तलीत नाहीशी झाली आहे. आणि झाशीच्या राणीला लढाईत मारणारा हात मन्रोचा आहे, असे व्हर्नने कल्पिले आहे. दोघेही सूडासाठी एकमेकांना शोधत आहेत.

नॉटिलस आणि हा पोलादी हत्ती यांना शेजारी ठेवले, की व्हर्नच्या विचारातील वळण स्पष्ट होते. आधीच्या कथेत यंत्र बंडखोराचे होते आणि निवेदक त्याच्या पोटात होता. इथे यंत्र राज्यकर्त्यांचे आहे, निवेदक त्यांच्या मेजावर जेवतो आहे आणि बंडखोर बाहेर रानात आहे. म्हणून डक्कर नायक ठरतो आणि नानासाहेब खलनायक. व्हर्नने उठावावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि त्यात इंग्रजांनी केलेल्या निर्घृण प्रतिशोधाचा हिशेबही मांडला आहे, हे त्याच्या निःपक्षपातीपणाला शोभणारेच. परंतु काल्पनिक राजपुत्राला त्याने जे दिले, ते खऱ्या पेशव्याला दिले नाही. डक्करच्या खोलीत आपण गेलो, त्याची तसबीर पाहिली. नानासाहेबाच्या मनात शिरण्याचा मार्ग वेरूळच्या अंधारातच संपतो. कादंबरीत त्याचा अंत हत्तीच्या स्फोटात होतो. वस्तुतः नानासाहेब १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत शिरले आणि त्यांच्या अखेरीविषयी इतिहास आजही निश्चितपणे बोलत नाही.

या काळात त्याच्या घरातही वादळ होते. एकुलता एक मुलगा मिशेल अत्यंत हूड आणि उधळा निघाला. १८७८ मध्ये बापाने त्याला शिक्षा म्हणून हिंदुस्थानकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजावर चढवून दिले. म्हणजे बाप कागदावर हिंदुस्थान रेखाटत असताना मुलगा त्याच दिशेच्या समुद्रात होता! अधिक दारुण प्रसंग १८८६ चा. ९ मार्च रोजी संध्याकाळी व्हर्न घरी परतत असताना त्याचा लाडका पुतण्या गास्तों याने मनोविकाराच्या झटक्यात त्याच्यावर पिस्तुलाच्या दोन गोळ्या झाडल्या. एक पायात शिरली, ती कधीच काढता आली नाही आणि व्हर्न जन्मभर लंगडत राहिला. गास्तोंचे उरलेले आयुष्य मनोरुग्णालयात गेले. त्यानंतर आठ दिवसांनी एत्झेल मरण पावला. पुढल्या वर्षी आई गेली. आवडते जहाज आधीच विकले गेले होते. समुद्र संपला.

१८८८ मध्ये तो आमियाँचा नगरसेवक म्हणून निवडून आला आणि सुमारे पंधरा वर्षे त्याने हे काम मनापासून केले. नाट्यगृहे, जत्रा, शहरासाठी दगडी सर्कसगृह यांच्या कागदपत्रांत ‘अद्भुत प्रवास’ लिहिणारा माणूस रमला. त्याच्या मर्यादाही नजरेआड करून चालणार नाहीत. ‘हेक्टर सर्वादाक’मध्ये त्याने एका ज्यू व्यापाऱ्याचे चित्र उघड पूर्वग्रहाने रंगवले. ड्रेफ्युस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याच्या खटल्यात तो सुरुवातीपासून चुकीच्या बाजूला उभा राहिला. शत्रूच्या जहाजात शिरण्याची जी वृत्ती त्याने कथेत दाखवली, ती आपल्याच शहरातील शेजाऱ्यांविषयी दाखवणे त्याला जमले नाही.

उतारवयातील दोन कादंबऱ्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. १८९६ च्या ‘ध्वजासमोर’ या कथेत तोमास रोश हा वेडाच्या सीमेवरचा शास्त्रज्ञ एक महाभयंकर स्फोटक शोधतो. देश त्याची उपेक्षा करतात आणि चाचे त्याला पळवून बर्म्युडाजवळच्या गुप्त गुहेत नेतात. ही हकिकत चाच्यांच्याच गुहेत कैदेत असलेला एक अभियंता टिपून ठेवतो. शेवटी समोरच्या जहाजावर फ्रान्सचे निशाण दिसताच रोशचा हात थबकतो. मेलिनाइट या स्फोटकाचा जनक तुर्पँ याने हे आपलेच चित्र असल्याचे सांगून व्हर्नवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला रेमों प्वँकारे व्हर्नचा वकील होता आणि दावा फेटाळला गेला. १९०४ मध्ये ‘जगाचा स्वामी’ आली. जमीन, पाणी आणि आकाश तिन्हींत चालणाऱ्या यंत्राचा मालक रोबुर तिच्यात साऱ्या राष्ट्रांना तुच्छ लेखतो. त्याला नेमोसारखे दुःख नाही, तसबीर नाही. वीज कोसळून तो यंत्रासह नष्ट होतो. यंत्रे वाढत गेली आणि ती चालवणाऱ्याचे कारण मात्र लहान होत गेले, असा हा पस्तीस वर्षांचा आलेख आहे.

मधुमेहाने खंगलेल्या, दृष्टी अधू झालेल्या व्हर्नचे २४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथे निधन झाले. तिथल्या माद्लेन दफनभूमीत, थडग्याचा दगड फोडून आकाशाकडे हात उंचावणारी त्याची मूर्ती आहे. मागे राहिलेल्या हस्तलिखितांत मुलगा मिशेलने मोठे फेरफार करून ती प्रसिद्ध केली, हे १९७० च्या दशकात उघड झाले. १९५४ मध्ये अमेरिकेने जगातील पहिली अणुशक्तीवरील पाणबुडी पाण्यात सोडली, तेव्हा तिचे नाव ‘नॉटिलस’ ठेवले. राज्यकर्त्यांविरुद्ध बांधलेल्या काल्पनिक नौकेचे नाव जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराने घ्यावे, यातला विरोधाभास नेमोला नक्कीच कळला असता.

मराठी मुलांपर्यंत व्हर्न नेण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवतांना जाते. त्यांच्या रसाळ रूपांतरांतून आपल्या कित्येक पिढ्यांनी चंद्र, पाताळ आणि सागरतळ पाहिला. आता त्याच्याकडे मोठ्यांच्या नजरेने परतायला हवे. शत्रू म्हणून ज्याच्यावर तोफ रोखली जाते, त्याच्या खोलीत एखादी तसबीर असेल का, हे एकदा तरी आत जाऊन पाहावे, एवढेच व्हर्नने आपल्या उत्तम कादंबरीत शिकवले. आणि जिथे तो स्वतःच आत गेला नाही, त्या वेरूळच्या काळोखात उभा असलेला नानासाहेब त्याच्या वाचकांची, विशेषतः आपली, अजून वाट पाहतो आहे.